अरणगावचं मौन आणि लंडनचा कल्ला

हौशी रॉक बँड पुण्याहून नगरला निघाला की दोन गोष्टी ठरलेल्या असतात. वाघोलीत गाडी अडकणार आणि गाडीत भांडण होणार. एसटीच्या मागच्या बाकावर बसलेल्या या चौघांनी दोन्ही वेळेत उरकलं. विषय आदल्या दिवशीच्या रेकॉर्डिंगचा. ड्रमवाल्याचं म्हणणं, ‘क्लिक’ चुकीची होती. क्लिक म्हणजे हेडफोनात ठरावीक गतीनं वाजणारी टकटक. ती यंत्राची असते, ती चुकत नाही, हे त्याला शिक्रापूरपर्यंत कुणी पटवू शकलं नाही. शिरूरला वडापाव आला तेव्हा विषय मिटला. सुप्याच्या पुढं पुन्हा उघडला.

बेत कीबोर्डवालीचा होता. ‘बाबा ओ’रायली’ हे ‘द हू’ या बँडचं गाणं चौघांनाही तोंडपाठ. पण त्यातला बाबा नगरचा आहे, असं तिनं सांगितलं तेव्हा बाकीच्या तिघांनी तिच्याकडं संशयानं पाहिलं. त्यांच्या मते तो कुणीतरी आयरिश म्हातारा होता.

पाटीवर अहिल्यानगर आणि कंडक्टरच्या तोंडी नगर, अशा ठिकाणी ते माळीवाड्याला उतरले. रिक्षावाल्यानं चौघांचे केस आणि गिटार पाहून पत्ता न विचारताच ओळखलं. “मेहेरबाबा ना? बसा. गोरे लोक पण असंच घेऊन येतात,” म्हणाला, आणि गिटारचं वेगळं भाडं सांगितलं.

दौंड रस्त्यानं आठ-नऊ किलोमीटरवर अरणगाव, आणि त्याला लागून मेहेराबाद. पहिल्या महायुद्धात इथं ब्रिटिश फौजेची छावणी होती. १९२३ साली पुण्याचे मेरवान शेरियार इराणी, म्हणजेच मेहेरबाबा, आपल्या मंडळींसह इथं आले, आणि १० जुलै १९२५ रोजी त्यांनी बोलणं थांबवलं. ते ३१ जानेवारी १९६९ ला देह ठेवेपर्यंत थांबलेलंच राहिलं. साडेत्रेचाळीस वर्षं! आधी अक्षरांच्या फळीवर बोट फिरवून आणि १९५४ नंतर फक्त हातांच्या खुणांनी सगळा कारभार चालला. या मौनाला शेजार मात्र असा, की आश्रमाचा खालचा भाग आणि समाधीची टेकडी यांच्या मधूनच दौंड-मनमाड रेल्वे जाते. गाडी आली की फाटकाशी सगळ्यांनाच मौन पाळावं लागतं, कारण बोललेलं ऐकूच येत नाही.

टेकडीवर समाधीची छोटी घुमटी आहे. माथ्यावर चार धर्मांची चिन्हं, आत स्विस चित्रकार हेलन डाम यांनी रंगवलेल्या भिंती. चौघं आत जाऊन आले, डोकं टेकवून आले, आणि बाहेर सावलीत बसल्यावर कीबोर्डवालीनं लंडनची कथा काढली.

‘द हू’ हा एकेकाळी जगातला सर्वांत कर्कश बँड. हे कुणा शेजाऱ्याचं मत नव्हे. ३१ मे १९७६ ला लंडनच्या चार्ल्टन मैदानावर १२६ डेसिबल आवाज मोजून गिनीज बुकानं तशी नोंद केली होती. आणि या बँडचा म्होरक्या पीट टाउन्शेंड भक्त कुणाचा, तर ज्यानं उभ्या हयातीतली चार दशकं तोंडातून शब्द काढला नाही त्याचा. १९७२ मध्ये तो नगरलाही येऊन गेला.

१९७१ साली त्याच्या डोक्यात ‘लाइफहाउस’ नावाचं प्रकरण होतं. सिनेमा, नाटक, संगणक, अध्यात्म, सगळं एकत्र. माणसाची माहिती यंत्रात घालायची आणि त्यातून त्या माणसाचं संगीत काढायचं. त्यानं ही कथा बँडमधल्या तिघांना समजावली. कळली नाही. पुन्हा समजावली. तरी नाही. मार्चमध्ये सगळे न्यूयॉर्कच्या रेकॉर्ड प्लांट स्टुडिओत गेले, रेकॉर्डिंग केलं, आणि ते बाजूला ठेवून लंडनला परतले. तिथं ग्लिन जॉन्स या ध्वनितज्ज्ञानं ऑलिम्पिक स्टुडिओत नव्यानं सुरुवात करायला लावली. कथा त्यालाही कळली नव्हती. पण गाणी चांगली आहेत एवढं कळलं होतं. स्टुडिओत एवढं कळणारा एक माणूस पुरतो.

खरी गंमत ‘बाबा ओ’रायली’ची. सुरुवातीचा तो बुडबुडणारा आवाज मेहेरबाबांची माहिती संगणकात घालून काढला, अशी दंतकथा आजही फिरते. प्रत्यक्षात तो लॉरी कंपनीच्या घरगुती ऑर्गनचा. दिवाणखान्यात आजी-नातवंडांनी वाजवावा म्हणून केलेलं वाद्य. त्यातलं ‘मारिम्बा रिपीट’ नावाचं बटण दाबलं की धरलेला सूर आपोआप तुकड्या-तुकड्यांनी वाजत राहतो. टाउन्शेंडनं घरीच ते रेकॉर्ड केलं, आणि बाकीच्यांनी त्यावर वाजवायचं ठरलं.

वरातीत ताशेवाला हात उचलतो आणि अख्खी वरात त्याच्यामागं धावते. इथं उलटा कारभार झाला. गती आधीच टेपवर पक्की झालेली, आणि तिच्या मागं धावायचं होतं ‘द हू’चा ड्रमवाला कीथ मून याला! ढोल बडवण्यात वादळ असलेला हा माणूस. नेमक्या ठोक्यावर वाजवणं त्याला कमीपणाचं वाटे. त्याला हेडफोन घालून यंत्राच्या तालात बसवलं. तो बसला, हेच आश्चर्य. वर शेवटी व्हायोलिन हवं ही कल्पनाही त्याचीच, आणि ते वाजवायला डेव्ह आर्बस आला. ऑगस्टमध्ये ‘हूज नेक्स्ट’ बाहेर आलं. मोठ्या कथेतून उरली फक्त आठ गाणी, आणि इंग्लंडात ती तबकडी पहिल्या क्रमांकावर गेली.

मंचावर मात्र टेपनं सूड उगवला. तिथं मूनला हेडफोन चिकटपट्टीनं डोक्याला बांधून बसावं लागे. ५ नोव्हेंबर १९७३ ला न्यूकॅसलमध्ये ‘क्वाड्रोफेनिया’ या त्यांच्याच तबकडीतल्या गाण्याची टेप पंधरा सेकंद उशिरा आली. टाउन्शेंडनं साउंडवाल्याला गचांडी धरून ओढलं आणि टेपा उपटून फेकल्या.

“बघ! क्लिकच चुकते,” ड्रमवाला उठून उभा राहिला. समाधीजवळच्या सेवेकरी बाईंनी ओठांवर बोट ठेवलं. तो बसला. पुढची दहा मिनिटं बँडमध्ये एकमत होतं.

रिक्षावाला फाटकाशी थांबलेलाच होता. परतीचं भाडं त्यानं आणखी वाढवलं, आणि आता गिटारसोबत “तुमच्या त्या ढोलकीच्या काड्या”ही त्यानं हिशेबात धरल्या.

कुणाला जायचं असेल तर माळीवाड्याहून रिक्षा मिळते. भाडं आधी ठरवा. ३१ जानेवारीच्या अमरतिथीला देशोदेशीच्या अनुयायांची मोठी गर्दी असते. आणि १० जुलैला गेलात तर वाट आधीच विचारून घ्या. त्या दिवशी अनुयायी मौन पाळतात, आणि रिक्षावाला एकटाच बोलत असतो.