विजयाचा सातबारा

दुसरे महायुद्ध १९४५ मध्ये संपले, असे शाळेत शिकवतात. संपली ती लढाई. विजयाच्या सातबाऱ्यावर नावे चढवण्याचे काम अजून चालू आहे आणि दरवर्षी मे महिन्यात फेरफाराचे नवे अर्ज येतात. वहिवाटदार कोण हे सोडाच, तारखेवरही एकमत नाही. लंडन-पॅरिसचा विजयदिन ८ मे, मॉस्कोचा ९. बर्लिनमध्ये जर्मन शरणागतीवर सह्या झाल्या तेव्हा मॉस्कोच्या घड्याळात मध्यरात्र उलटून गेली होती.

मॉस्कोचा दावा भक्कम आहे, हे मान्य. सुमारे २ कोटी ७० लाख माणसे गेली आणि जर्मन फौजेची कंबर मोडली ती पूर्व आघाडीवरच. फक्त त्या मृतांत युक्रेनियन, बेलारूसी, कझाक किती, हे रशियन पुढाऱ्यांना विचारू नये. १९३९ मध्ये हिटलरशी करार करून पोलंड वाटून घेतला होता, याची आठवण तर मुळीच काढू नये. लाल सेना ज्यांत बसून बर्लिनकडे निघाली त्यांतले कितीतरी ट्रक अमेरिकेने पाठवले होते. पण ट्रकला पदक कोण देतो?

अमेरिकेची गोष्ट सोपी. तिच्या हिशेबात युद्ध जून १९४४ मध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर सुरू होते आणि पडद्यावर संपते. जर्मनीला कोणी हरवले, असे १९४५ मध्ये फ्रेंचांना विचारले, तेव्हा ५७ टक्के म्हणाले, सोव्हिएत संघाने. २०१५ मध्ये तोच प्रश्न विचारला, तर ५४ टक्के म्हणाले, अमेरिकेने. मधल्या सत्तर वर्षांत रणांगणावर काहीच घडले नव्हते. सिनेमागृहात बरेच घडले होते.

खुद्द फ्रान्स सहा आठवड्यांत कोसळला, तरी जर्मनीचा एक तुकडा आणि सुरक्षा परिषदेतला नकाराधिकार पदरात पाडून बसला. १ मार्च १९४५ पर्यंत युद्ध पुकारणाऱ्यांनाच सॅन फ्रान्सिस्कोच्या संयुक्त राष्ट्र परिषदेचे आमंत्रण, असे ठरताच तुर्कस्तानला फेब्रुवारीत एकाएकी शौर्य सुचले. अर्जेंटिनाने अर्ज केला २७ मार्चला, मुदत संपल्यावर. नाव तरीही चढले! १९३७ पासून जपानशी झुंजणारा चीन आणि जर्मनांच्या एनिग्मा या सांकेतिक यंत्राचे कोडे सर्वांत आधी फोडणारे पोलिश गणिती मात्र प्रत्येक हिशेबात तळटिपेत. लंडनच्या १९४६ च्या विजयसंचलनात पोलिश फौज चाललीच नाही.

आणि ब्रिटन? तो १९४० मध्ये ‘एकटा’ लढला. या एकट्यात पुढे २५ लाखांची भारतीय फौज मावली. इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे मराठा लाइट इन्फंट्रीचे यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव हेही याच एकट्याचे घटक. घाडगे तर तिथेच, १९४४ मध्ये, पडले. १९४३ च्या दुष्काळात बंगालमध्ये सुमारे ३० लाख माणसे मेली, त्यांना कोणत्या रकान्यात घालायचे हे कोणत्याच तलाठ्याने अजून ठरवलेले नाही.

सातबाऱ्यात सातवर मालकाचे नाव लागते आणि बारावर पिकाची नोंद होते. जमीन प्रत्यक्ष कोण कसतो ते बारावरून कळते, म्हणून दावेदार सात फडफडवतात आणि बारा घडी घालून खिशात ठेवतात. शिवाय ‘इतर हक्क’ नावाचा एक रकाना असतो, त्यात बोजा लिहितात. ब्रिटनच्या विजयाचा तो रकाना वाचण्यासारखा आहे: युद्ध संपले तेव्हा हा एकटा वीर भारताचे १०० कोटी पौंडांहून अधिक देणे लागत होता.