साडेतीनशे पौंड

पुण्यात 'आखाडा बाळापूर' हे गावाचं नाव सांगितलं की प्रश्न ठरलेला. "आखाडा? म्हणजे कुस्त्या चालतात का?" नाही हो. आमच्याकडं आखाडा म्हणजे शेतातला गोठा. तिथं बैल, कडबा, एक बाज आणि भावकीनं बांध कोरेपर्यंत शांतता.

म्हणून जॉन फोर्डचा १९५२ सालचा 'द क्वाएट मॅन' बघताना हसू आलं. अमेरिकेतला बॉक्सर जॉन वेन बापजाद्यांचं घर विकत घ्यायला आयर्लंडला परततो. रिंगमध्ये हातून माणूस मेलेला, त्यामुळं आता कुणाशी भांडायचं नाही असं ठरवून. भांडायचं नाही, आणि गावात जमीन घ्यायची! गडी खेड्यात राहिलेला नाही, हे तिथंच कळतं.

पाडव्याच्या दुपारी बाळापूरच्या घरी मायला लॅपटॉपवर तो लावून दिला आणि शेजारी बसून मराठीत सांगत गेलो. स्टेशनवर उतरून तो गावाचा रस्ता विचारतो. सगळे तावातावानं वाद घालतात, रस्ता कुणी सांगत नाही. माय म्हणाली, "हे तर आपल्या स्टँडावरलंच हाय की."

पुढं मॉरीन ओहाराशी त्याचं लग्न होतं. पण तिचा भाऊ हुंड्याचे ३५० पौंड अडवून धरतो आणि ती म्हणते, माझे पैसे आल्याशिवाय संसार नाही. मी लगेच १९६१ चा हुंडाबंदीचा कायदा काढला.

"गप रे. हुंडा नवऱ्याला देतेत. हे तिचं सोताचं हाय. भाऊ दाबून बसलाय."

मी गप्प झालो. मायनं मामाला हक्कसोड लिहून दिलंय. एका साडीवर.

शेवटी भाऊ नोटा फेकतो. नवरा-बायको त्या मळणीयंत्राच्या इंजिनात घालतात. माय ताडकन उठून बसली.

"हडंब्याला भट्टी कामून?"

"वाफेवर चालायचा तेव्हा."

"अन् समदे जाळले?"

"समदे."

"यडी."

मग मेव्हणे-मेव्हणे गावभर हाणामारी करतात, मध्येच थांबून दारूही पितात. फोर्डला दिग्दर्शनाचं चौथं ऑस्कर मिळालं ते या सिनेमाला. माय तेवढ्यात चहा टाकून आली.

"मिटलं का?"

"मिटलं. भाऊ बहिणीकडं जेवायला आला."

तिनं कपबशी खाली ठेवली. "तुझ्या मामाला फोन लाव. उद्या भाऊबीजेला ये म्हणाव. अन् औंदा साडी नको म्हणाव, पौंड आण."