ठासून भरलेलं शास्त्र

कळमनुरीत हत्ती नाही. पूर्वी कधी होता असंही कोणी म्हणत नाही. अधूनमधून गोसाव्यांचा एखादा हत्ती हिंगोलीच्या रस्त्यानं येतो, दुकानादुकानापुढं सोंड लांबवून केळी आणि दहाच्या नोटा गोळा करतो आणि आखाडा बाळापूरकडं निघून जातो. एवढ्या भांडवलावर मी हत्तीच्या रायफलीचा अभ्यास धरला. रायफल माझ्याकडं नाही, परवानाही नाही. मोठ्या नळीच्या रायफलीची काडतुसं घरी कशी भरावीत, कोणत्या जातीची दारू किती घालावी, याची जाडजूड पुस्तकं मात्र मी एकामागून एक फस्त केली आहेत. (दारू या शब्दावरचा विनोद आमच्या घरात, गल्लीत आणि बसस्टँडच्या हॉटेलात इतक्या वेळा होऊन गेला आहे, की तो इथं पुन्हा करत नाही.)

ही पुस्तकं वाचताना पहिली अडचण येते ती ग्रेनची. दारू ग्रेनमध्ये, गोळीही ग्रेनमध्ये. एका पौंडाचे सात हजार ग्रेन. पौंड आमच्याकडं पावापुरता उरला आहे, त्यामुळं बोध होईना. मग आजीच्या तोंडचं कोष्टक आठवलं : आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. आणि साहेबानं हिंदुस्थानात जो तोळा पक्का केला तो बरोबर १८० ग्रेनांचा. माझी ट्यूब पेटली. .६०० नायट्रो एक्स्प्रेस नावाची जी हत्तीची रायफल आहे, तिची गोळी ९०० ग्रेनांची. म्हणजे बरोबर पाच तोळे! हिशेब चुकू नये म्हणून ओळखीच्या सोनाराकडं गेलो आणि विचारलं, "नऊशे ग्रेन म्हणजे जुन्या मापानं पाच तोळेच ना हो?"

पाच तोळे ऐकताच त्यांनी गल्ल्यावरची फाईल बाजूला सारली, पोराला चहा सांगितला, मखमलीची घडी उलगडली आणि अदबीनं विचारलं, "काय करायचंय? पाटल्या?"

"हत्ती," मी म्हणालो.

चहा आला, पण अर्धाच आला.

जुन्या काळी नळीचं मोजमापही उलट्या हिशेबाचं होतं. एक पौंड शिशाच्या जितक्या सारख्या गोळ्या पडतील, तो नळीचा नंबर. म्हणून बारा नंबरची बंदूक तशी गरीब, आठ नंबरची जबर आणि चार नंबरची म्हणजे पाव पौंडाचा गोळा. नाईलच्या उगमाच्या शोधात फिरलेल्या सॅम्युएल बेकरकडं तर अर्ध्या पौंडाचा गोळा फेकणारी बंदूक होती. तिचं लाडाचं नाव त्यानं 'बेबी' ठेवलं होतं. बेबी उडाली की हा धिप्पाड गडी जागच्या जागी गरकन फिरे आणि तिला उडवायची आपल्यालाच धास्ती वाटे, असं त्यानंच लिहून ठेवलं आहे. समोरच्या हत्तीचं काय होईल ते त्याच्या नशिबावर. मागच्या खांद्याचं काय होणार, याची मात्र पक्की खात्री. मोठ्या नळीच्या सगळ्या शास्त्राचं मूळ मला इथं दिसतं. न्यूटनच्या तिसऱ्या नियमाशी वाटाघाटी करत बसण्याचा हा छंद आहे.

आता या छंदात हिंदुस्थान सरकारची कामगिरी सांगितली पाहिजे, कारण ती आपल्या मातीला शोभणारी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला साहेब लोकांत .४५० ची रायफल फार चालायची. पण सैन्यातल्या जुन्या मार्टिनी-हेन्री बंदुकाही त्याच मापाच्या, आणि त्यातल्या बऱ्याच नको त्या हातांत पडलेल्या. शिकारीची काडतुसं बंडखोरांच्या कामी येतील या भीतीनं १९०७ साली सरकारनं हिंदुस्थानात आणि सुदानात .४५० वर बंदी घातली. लंडनच्या कारागिरांनी काय केलं? नळी तेवढी किंचित रुंद केली. .४६५, .४७०, .४७५, .४७६ अशी रांगच लागली. .४५० आणि .४७० यांच्या गोळ्यांच्या जाडीत अर्ध्या मिलिमीटरचाही फरक नाही. हुकूम पाळला गेला, धंदा चालू राहिला, वाघ-हत्तींना फरक कळला नाही. आज जगभर .४७० चं कौतुक होतं. पण ती जन्माला आली ती आपल्याकडच्या एका सरकारी कागदाला बगल देण्यासाठी, हे कळल्यापासून मला ती नात्यातली वाटते. सैन्याचं माप आम जनतेला नको, ही भीती पुढंही गेली नाही. सैन्याची .३०३, म्हणून साध्या परवानाधारकाला ईशापूरच्या कारखान्यातली .३१५.

हे सगळं मी ज्यांना सांगतो ते माझे चुलते, तात्या. ऐकून घेतात म्हणून सांगतो. आणि आमच्या घरातली एकमेव बंदूक त्यांच्याकडं आहे : ठासणीची, एकनळी, पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची. तिचे जुने कागद उर्दूत आहेत, कारण तेव्हा इथं निजाम होता. नंतरचे कागद हैदराबाद राज्याचे, मग मुंबई राज्याचे, मग महाराष्ट्राचे, जिल्हा परभणी. १ मे १९९९ ला हिंगोली जिल्हा झाला, तेव्हा आणखी एक शिक्का पडला. बंदूक खुंटीवरून हलली नाही. सरकारंच तिच्यावरून येऊन गेली. ती घराबाहेर पडते ती निवडणुकीत. लोकसभा आली, बंदूक ठाण्यात जमा. विधानसभा आली, जमा. जिल्हा परिषद, पुन्हा जमा. माझ्या अंदाजानं आमच्या घराण्यात लोकशाहीसाठी सर्वांत जास्त हेलपाटे तिनंच घातले आहेत.

१९७२ च्या वन्यजीव कायद्यापासून तिनं कोणाला मारायचाही प्रश्न उरला नाही. हरभऱ्यात रोही शिरले की तात्या नळीत दारू ओततात, वर चिंधी कोंबतात, गजानं ठासतात, टोपी बसवतात आणि आभाळाच्या दिशेनं बार काढतात. गोळी नाही, छर्रा नाही. नुसता आवाज आणि बराचसा धूर. तो धूर विरेपर्यंत रोही कुठं गेले ते दिसत नाही, एवढाच त्यातला दिलासा.

तर अशा तात्यांना मी बिनधुराच्या दारूची थोरवी सांगत होतो. १८८४ साली फ्रान्सच्या पॉल व्हिएलनं ती काढली, १८८९ साली इंग्रजांनी दोऱ्यांच्या जुडीसारखी कॉर्डाइट बनवली आणि मोठ्या रायफलींचं नवं युग आलं. आपल्याच महाराष्ट्रात भंडाऱ्याजवळ जवाहरनगरला असली दारू तयार होते, काडतुसं खडकीला आणि वरणगावला.

"मग भानगड काय हाय?" तात्या म्हणाले. "भरा आन् उडवा."

भानगड वेगाची आहे. बिनधुराची दारू फुटत नाही, ती जळते. आणि प्रत्येक जातीची जळायची चाल वेगळी. लहान पुंगळी, हलकी गोळी असेल तर झटपट जळणारी चालते. पाच तोळ्यांचा ऐवज ढकलायचा असेल तर मंद जळणारी लागते, म्हणजे गोळी नळीत पुढं सरकत असताना मागून रेटा टिकून राहतो. तिथं झटपट जळणारी घातली तर गोळी हलायच्या आत दाब वाढतो आणि मग रायफल, हात, चेहरा, जे सापडेल ते फुटतं. बरं, डब्यावरच्या आकड्यावर विसंबावं तर तिथंही पेच. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत ब्रूस हॉजडन यांनी सैन्याची उरलेली दारू घाऊक घेऊन स्वस्तात विकली. तोफेच्या काडतुसांतल्या एका मंद दारूला ४८३१ हा आकडा चिकटला. पुढं ड्युपाँट कंपनीनं आपलीही ४८३१ काढली. आकडा तोच, पण हिची चाल तिच्यापेक्षा जलद. एकीचा हिशेब दुसरीला लावणाऱ्यांसाठी पुस्तकांत ठळक अक्षरांत इशारे छापावे लागले.

"म्हंजे कमी घालावी," तात्यांनी तोडगा काढला.

नेमकं हेच करता येत नाही. नायट्रो एक्स्प्रेसच्या पुंगळ्या केळ्याएवढ्या लांब. कॉर्डाइटच्या जुड्यांसाठी केलेल्या. त्यात नवी दारू थोडीशीच घातली तर ती तळाशी लोळत पडते, टोपीची ठिणगी कधी नीट पोचते, कधी नाही, आणि दाब कुठं जाईल याचा भरवसा राहत नाही. म्हणून जाणकार लोक दारूच्या वर सावरीचा कापूस नाहीतर डॅक्रॉनचा बोळा घालतात. दारू टोपीशी दाबून राहते, बार दरवेळी सारखा निघतो. हे संशोधन मी मोठ्या अभिमानानं सांगितलं.

"म्हंजे चिंधी," तात्या म्हणाले.

"चिंधी नव्हे तात्या, डॅक्रॉन."

"कशाची का असंना. दारूवर दाबून बसवायची ना? मग चिंधीच की, लेका."

मी वेस्टली रिचर्ड्स, रिग्बी, हॉलंड अँड हॉलंड अशी नावं घेतली. उपयोग झाला नाही.

मग मी त्यांना ठासण्याचे दुष्परिणाम सांगितले. १९५६ साली विंचेस्टर कंपनीनं .४५८ मॅग्नम काढली. साध्या रायफलीत बसावी म्हणून पुंगळी आखूड ठेवली आणि दारू त्यात दाबून कोंबली. काही वर्षं पडून राहिलेल्या काडतुसांत त्या दारूची ढेप व्हायची, मग बार ढिला निघायचा. जॅक लॉट नावाच्या अमेरिकनाला १९५९ साली मोझांबिकमध्ये रानरेड्यानं शिंगावर घेतलं, तेव्हा त्याच्या हातात हीच .४५८ होती. तो वाचला, आणि पुढं त्यानं पुंगळी लांब करून स्वतःच्या नावाचं काडतूस काढलं, .४५८ लॉट. माणूस रेड्याच्या शिंगावरून खाली उतरला की इतका विचारी होतो.

"ठासायचं किती आन् थांबायचं कुठं, ते गजालाच कळतंय," तात्या म्हणाले. "हाताला गज परत टणकन उडाला की बास."

जोडनळीची रायफल हे मात्र तात्यांना मनापासून पटलं. तिच्या दोन नळ्या समांतर नसतात. टोकाकडं किंचित आत वळवून डाक देतात, म्हणजे ठराविक अंतरावर दोन्ही गोळ्या एकाच जागी पडतात. कारागीर बार काढून बघतो, डाक तापवून पाचर सरकवतो, पुन्हा बार काढतो. पण हा मेळ एकाच मापाच्या काडतुसावर बसवलेला असतो. दारूची जात बदलली, गोळीचा वेग बदलला, की उजवीचं तोंड एकीकडं, डावीचं दुसरीकडं. वाटणी झालेल्या दोन भावांचं कसं एकाच बांधावरून होतं तसं. १९६० च्या दशकात कायनॉक कंपनीनं या रायफलींची मोठी काडतुसं बनवणं बंद केलं, तेव्हा जगभरच्या मालकांकडं लाखमोलाच्या रायफली उरल्या आणि त्यांच्यात घालायला काही उरलं नाही. घरी काडतुसं भरायचं वेड मोठ्या नळीवाल्यांत पसरलं ते या उपासमारीतून. त्यांना नवा पराक्रम करायचा नव्हता. दोन नळ्यांत पुन्हा समेट घडवायचा होता.

आमच्या भावकीतल्या बांधाची केस तेव्हा तहसीलला चालू होती. तात्या बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "डाक कोण देतं म्हणलास?"

उन्हाळ्याचा मुद्दा राहिला. कॉर्डाइट उष्णतेला भारी हळवी. विलायतेच्या थंडीत बरोबर वागणारं काडतूस आपल्याकडच्या उन्हात दाब वाढवतं, पुंगळी नळीत अडकते. म्हणून कंपन्या हिंदुस्थान-आफ्रिकेसाठी थोडी कमी दारू घातलेली 'ट्रॉपिकल' काडतुसं वेगळी विकत. मे महिन्यात इथं पारा ४२-४३ वर गेला की मला त्या अनोळखी इंग्रज रसायनज्ञाबद्दल आदर वाटतो. कळमनुरीत न येता त्यानं कळमनुरीचा विचार केला. तात्यांनी हा प्रश्न निराळ्या वाटेनं सोडवला आहे : त्यांचा दारूचा डबा जुन्या वाड्यात असतो. वर हातभर मातीचं माळवद, भिंती दीड हाताच्या. तिथं डब्याला उन्हाळा कळत नाही.

हे सगळं मी वहीत लिहितो. .४७० साठी मी आजवर कागदावर जी काडतुसं भरली आहेत, त्यांतलं एकही दगा देणार नाही अशी माझी खात्री आहे. कागदाबाहेर जायचं नाही, कारण शस्त्र कायद्याप्रमाणं काडतुसं बनवायला वेगळा परवाना लागतो. बंदुकीचा असून भागत नाही, आणि माझ्याकडं तर तोही नाही. बायकोनं ती वही एकदा उघडली. दारू इतकी, चिंधी इतकी, तापमान इतकं. "अहो," ती म्हणाली, "घरातल्या किराणाची यादी एवढ्या बारकाईनं लिहीत जा ना."

गेल्या हरभऱ्याला तात्यांबरोबर राखणीला गेलो होतो. मध्यरात्री रोह्यांचा कळप आला. तात्यांनी शांतपणे दारू ओतली, चिंधी घातली, ठासलं, टोपी बसवली. या वेळात रोह्यांनी अर्धी ओळ संपवली. बार निघाला. धूर गेला. कळप तिथंच होता. एका नरानं मान वर करून आमच्याकडं ओळखीनं बघितलं आणि पुन्हा खाली घातली. एवढ्यात पलीकडच्या शेतात शेजाऱ्याच्या पोरानं मोबाईलला जोडलेला भोंगा लावला. त्यातून आधी कुत्री भुंकली, मग कोणीतरी वाघासारखं गुरगुरलं आणि शेवटी वरातीतलं डीजेचं गाणं सुरू झालं. गाण्याच्या पहिल्या ठेक्याला अख्खा कळप उधळला, तो कयाधूच्या दिशेनं दिसेनासा झाला.

तात्यांनी गज पुसून नळीखाली सरकवला. तपकिरीची चिमूट ओढली.

"त्या भोंग्यात," त्यांनी मला विचारलं, "किती ग्रेन भरतेत रे?"