चर्चचं छप्पर आणि आमचे आण्णा

(रंगमंचावर खुर्ची. खुर्चीवर जाडजूड फाईल. कलाकार ती दोन्ही हातांनी उचलतो.)

ही माझ्या घराची फाईल. घर स्लावला आहे. घरापेक्षा फाईल ऐसपैस आहे.

इंग्लंडात घर घ्यायचं तर सॉलिसिटर लागतो. आमचे आण्णा कराडला. व्हिडिओ कॉलवर त्यांचं फक्त कपाळ दिसतं. (आण्णांच्या आवाजात) "वकील? भांडान कुनाशी झालं रं?"

"भांडण नाही आण्णा, खरेदी."

"मग वकील कशाला पोसतोस? तलाठ्याला गाठ की!"

सॉलिसिटर सुचवला साडूनं. साडू हॅरोला राहतो. 2009 मध्ये, भाव पडलेले असताना त्यानं घर घेतलं. तेव्हापासून दर गणपतीला आरती संपली की मंत्रपुष्पांजलीच्या आधी त्याच्या घराची किंमत सांगतो. असो. माणूस चांगला आहे. (थांबून) नाहीये.

सॉलिसिटरचं तोंड मी आजतागायत पाहिलेलं नाही. काहीही विचारा, ईमेल एकच: "समोरच्या पक्षाच्या उत्तराची वाट पाहत आहोत." समोरच्याचा सॉलिसिटरही त्याला हेच लिहीत असणार. दोघं समोरासमोर बसून वाट बघतायत. मीटर माझं चालू.

मग सर्च सुरू. काउन्सिलचा सर्च, पाण्या-गटाराचा सर्च, पुराचा सर्च. आणि एक दिवस आला चान्सेल सर्च. म्हणजे काय, तर इथल्या काही जुन्या जमिनींवर अशी जबाबदारी आहे की गावच्या चर्चचा गाभारा गळायला लागला, तर दुरुस्तीचा खर्च जमीनमालकानं द्यायचा. हसू नका! वॉरिकशायरमध्ये शेतजमीन असलेलं एक जोडपं याच्यावरून हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत भांडलं आणि 2003 साली हरलं.

हे ऐकलं आणि आण्णा ताठ बसले. कपाळाखाली पहिल्यांदा डोळे दिसले.

"आरं, ह्यो तर देवस्थान इनाम! वर्ग तीन! गुरव कोन हाय तितला?"

"आण्णा, तिथे पाद्री असतो."

"आसंना! वहिवाट कुनाची? कूळ लागलंय का बघ! कुळकायद्यात गेली म्हंजे बसशील बोंबलत!"

मी बिचारा सॉलिसिटरला विचारतो, आमच्या वडिलांना कुळाची शंका आहे. उत्तर आलं: "समोरच्या पक्षाच्या उत्तराची वाट पाहत आहोत."

शेवटी वीसेक पौंडांचा विमा उतरवला. गळू दे चर्च.

आता पैसा. आण्णांनी ओढ्याकडचा तुकडा विकून मला पैसे दिलेले. सॉलिसिटर म्हणे, पैसा आला कुठून ते दाखवा, मनी लाँडरिंगचा कायदा आहे. सातबारा पाठवला. त्यावर चुलत्याचं नाव. म्हणे, यांचंही पत्र आणा. चुलत्याचं पत्र! आण्णा त्याच्याशी बांधावरून 1987 पासून बोलत नाहीत. सॉलिसिटरला वाटलं होतं एका ईमेलचं काम आहे!

मग आला बक्षीसपत्राचा मसुदा. आण्णांनी लिहून द्यायचं की हे पैसे मी परत मागणार नाही, आणि या घरावर माझा कसलाही हक्क नाही.

मी फोनवर वाचून दाखवलं. आण्णा गप्प. नेहमी बोलतात ते, पण गप्प. मग म्हणाले, "हक्क न्हाई म्हंजे... उतरायला आलो तर चालंल न्हवं?"

(मोठा थांबा.)

त्या तुकड्यातल्या विहिरीवर मी पोहायला शिकलो, मंडळी. आण्णांनी कमरेला दोर बांधून ढकललं होतं. सही करून पाठवली त्यांनी. दुसऱ्या दिवशी. पत्राखाली स्वतःच्या अक्षरात एक ओळ जादा: "साडूला रक्कम सांगू नये." सॉलिसिटरनं विचारलं, हे साडू कोण, त्यांचा या मालमत्तेत हितसंबंध आहे का?

लिहून दिलं, फक्त जळण्यापुरता.

तेवढ्यात विकणारा म्हणतो, दुसऱ्यानं जास्त भाव दिलाय. इथे करारांची अदलाबदल होईपर्यंत कुणीच कुणाला बांधील नाही. आण्णा म्हणाले, "सुपारी फुटल्याबिगर पोरगी कुनाची न्हाई." दोन्ही सॉलिसिटरनी एवढंच सांगायला पानं खर्ची घातली.

घर मिळालं. तुम्ही घेणार असाल तर एक ऐका. पैसे पाठवायच्या दिवशी "आमचा खाते क्रमांक बदललाय" अशी ईमेल आली, तर छदाम पाठवू नका. पहिल्या पत्रावरच्या नंबरवर फोन लावा आणि विचारा. भामटे सॉलिसिटरच्या नावानं नेमकं हेच लिहितात. ओळखायचं कसं? सोपं आहे. दोन मिनिटांत उत्तर आलं, तर तो आपला सॉलिसिटर नव्हे.