गोल टेबलाभोवतीच्या आठ जणांस

प्रति,
ए, बी, सी, डी, ई, एफ, जी आणि एच
(बसण्याचा क्रम हाच असेल असे नाही),
मु. पो. रीझनिंग सेक्शन

सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, बँकेच्या क्लार्क भरतीच्या परीक्षेला यंदाही मी बसते आहे आणि तुम्हीही बसणारच आहात. फरक एवढाच की तुम्ही एकमेकांपासून समान अंतरावर, ऐसपैस बसता. आम्ही सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत बसतो, तिथे दोन खुर्च्यांमधलं अंतर शेजारणीच्या कोपरावर ठरतं. तोंड केंद्राकडे की बाहेर, हा प्रश्न आमच्याकडे उद्भवत नाही. सगळ्यांची तोंडं भिंतीकडे.

आधी तक्रार सांगते, मग बाकीचं. तुम्ही चारचौघांसारखे का बसत नाही? परवाचंच घ्या. बी हा एच्या डावीकडे तिसरा. बरं. सी हा बीच्या उजवीकडे दुसरा. हेही ठीक. ए आणि सी यांची तोंडं विरुद्ध दिशांना. आता ए आत बघतोय की बाहेर, हे कोणी सांगायचं? ए आत बघत असेल तर त्याची डावी बाजू घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, बाहेर बघत असेल तर उलट. बीचंही तेच. म्हणजे तुमची तीन वाक्यं वाचून होईस्तोवर माझ्या कच्च्या कागदावर चार वर्तुळं तयार, त्यातली दोन उरलेल्या दोघांची आरशातली रूपं, आणि तुमच्यापैकी पाच जण अजून उभेच. तेवढ्यात खालून सूचना येते: 'एफ हा एचा निकटचा शेजारी नाही.' अहो, नाही तर नाही! कुठे आहे ते सांगा ना. लग्नाच्या पंगतीत कोण कोणाशेजारी बसणार नाही हे आमच्या आत्याही सांगतात, पण त्या निदान कारण तरी सांगतात.

आणि हे सगळं कशासाठी, तर प्रीलिम्ससाठी. रीझनिंगचे 35 प्रश्न, 20 मिनिटं. भागाकार केला तर एका प्रश्नाला 34 सेकंद. चार उत्तरं चुकली की एक बरोबर आलेला मार्क गेला. आणि या प्रीलिम्सचे गुण शेवटच्या यादीत धरतच नाहीत. ते फक्त मेन्सच्या दारापर्यंत सोडायला येतात.

तुमच्याबद्दल मला खरा हेवा वाटतो तो वेगळ्याच गोष्टीचा. तुम्ही आठही जण आधीच नोकरीला आहात. एक स्टेट बँकेत, एक कॅनरात, एक बँक ऑफ महाराष्ट्रात. दुसऱ्या सेटमध्ये पाहावं तर तुमच्यातला कोणी क्लार्क, कोणी पीओ, कोणी एजीएम, कोणी डीजीएम, आणि एक तर थेट चेअरमन. चेअरमनच्या उजवीकडे दुसरा क्लार्क! कुठल्या बँकेत हो हे घडतं? आमच्या गावच्या शाखेत मॅनेजर साहेबांच्या केबिनमध्ये क्लार्क उभा असतो, आणि तोंड कुठे असतं ते पझलशिवाय कळतं. तुम्हाला मात्र नोकरीची काही फिकीरच नाही. कोणाला निळा रंग आवडतो, कोणाला पिवळा, कोणी 31 दिवसांच्याच महिन्यात सुट्टीवर जातो, आणि उरलेल्या वेळात सगळे मिळून आठ मजली इमारतीत राहायला जातात. तळमजल्याला तिथे एक नंबर म्हणतात. घरभाडं किती, हे एकाही प्रश्नात विचारलेलं नाही.

तुमची परीक्षा घेणारी संस्था आयबीपीएस मुंबईत, कांदिवलीला आहे. म्हणजे तुमचं माहेरच तिकडचं म्हणायचं. मग एकदा कांदिवली स्टेशनावर या. सकाळी आठच्या लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथी सीट कशी मिळते, ते बघा. तिथे कोण कोणाच्या डावीकडे, हे 'जरा सरका' एवढ्या दोन शब्दांत ठरतं.

तुमच्या शेजारच्या आळीतल्यांबद्दलही दोन शब्द. क्वांटमधला तो दूधवाला. 80 लिटर शुद्ध दूध, त्यातलं 8 लिटर काढतो, तेवढंच पाणी ओततो. असं तीनदा. आता शुद्ध दूध किती उरलं? 58.32 लिटर. आमच्या मनात एकदाही येत नाही की याची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करावी. आम्ही दहातले नऊ, नऊचा घन, दशांश चिन्ह सरकव, झालं, पुढे. एक नळ टाकी भरतोय, दुसरा रिकामी करतोय, आणि दुष्काळी भागातून आलेली मुलं ती टाकी किती तासांत भरेल ते शांतपणे काढतायत. 'काही आंबे टेबलं आहेत, सर्व टेबलं नद्या आहेत' हे वाचून 'मग काही आंबे नद्या आहेत' असं आम्ही न हसता मान्य करतो. हल्ली तर रांगेत 'काही व्यक्ती' बसलेल्या असतात, किती ते त्यांनाही ठाऊक नसतं. शेवटच्या प्रश्नात आम्हीच त्यांना मोजून सांगायचं.

भाषेचं म्हणाल तर 2021 साली अर्थ मंत्रालयाने सांगितलं की सरकारी बँकांची क्लार्क भरतीची परीक्षा इंग्रजी-हिंदीशिवाय 13 प्रादेशिक भाषांतही व्हावी. त्यात मराठी आहे, कोकणीही आहे. इंग्रजीचा विभाग अर्थात इंग्रजीतच. त्यामुळे तुम्ही आता मराठीतही बसता, याचा आनंद आहे. पण आमच्या अभ्यासिकेत सर मोबाइलवर हिंदीतून शिकवतात, मॉक टेस्ट इंग्रजीतून असतात, आणि कटऑफ दोन मार्कांनी हुकला की मुली मराठीतून बोलतात. त्या मराठीला परीक्षेत वाव नाही.

पण हे सगळं वरवरचं झालं. तुमच्याकडून मी नेमकं शिकले काय, ते सांगते. तुम्हाला बसवायला शिकले असं तुम्हाला वाटत असेल तर तो गैरसमज काढून टाका. मी शिकले तुम्हाला सोडून द्यायला. सर पहिल्याच दिवशी सांगतात, पेपर सोडवायचा नसतो, पेपर निवडायचा असतो. पझल दिसलं की आधी पाच-सहा सेकंद नजर फिरवायची. पहिल्या दोन ओळींत पक्की जागा मिळाली तर हात घालायचा, नाही तर 'मार्क फॉर रिव्ह्यू'. प्रश्नाचा आकडा जांभळा होतो आणि आपण इनिक्वालिटीकडे वळतो, तिथे पाच मार्क दोन मिनिटांत पदरात. त्या जांभळ्या आकड्यांकडे परत कोण येतं? टायमर संपतो, सेक्शन आपोआप बंद होतो. बुद्धी किती आहे याला इथे फार किंमत नाही. कोणाला टाळायचं हे ज्याला चटकन कळतं, तो पास.

मागे दिवाळीला घरी गेले होते, तेव्हा आजीला घेऊन तालुक्याच्या एका बँकेत गेले. निराधार योजनेचे पैसे काढायचे होते. आयुष्यभर खुरपं धरलेला अंगठा, मशिनला काही केल्या पटेना. तिने तो पदराला पुसला, परत ठेवला, परत पुसला. काउंटरवरचा मुलगा माझ्याच वयाचा असेल. त्याने स्क्रीनवर नजर टाकली, आजीवर टाकली, पाच-सहा सेकंद. मग म्हणाला, "आजी, बसा तिकडे. बघतो नंतर." आणि पुढच्याला हात केला. पुढच्याचं काम चेक जमा करायचं होतं, एका मिनिटात उरकलं. त्याच्या पुढचं पासबुक छापायचं. तेही उरकलं.

मी रागवायला हवं होतं. पण मी त्या मुलाकडे पाहतच राहिले, कारण ती नजर माझ्या ओळखीची होती. इतकी सफाईदार निवड मॉकला आठशे-नऊशे रँकच्या आत असणाराच करू शकतो. आजी जांभळी झाली होती. खिडकीशेजारच्या बाकावर, तोंड भिंतीकडे.

त्याला दोष देत नाही. मागे रांग दारापर्यंत होती आणि तीन काउंटरपैकी दोन बंद होते. आम्हाला कोणी असा प्रश्न घालतच नाही, ज्यात समोरच्या माणसाला सोडून पुढे जाता येत नाही. आजीचा अंगठा उमटत नसेल तर आणखी काय करता येतं, कोणता फॉर्म, कोणाची सही, हे रीझनिंगमध्ये बसत नाही. क्लार्कला मुलाखतही नसते. स्थानिक भाषा येते का हे पाहतात, पण ती भाषा दहावीच्या गुणपत्रिकेवर असली की चाचणीतूनही सूट. 2025च्या भरतीपासून क्लार्क या पदाचं नाव 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' झालंय. कस्टमर आला, सर्व्हिस आली. पेपरात मात्र अजून तुम्हीच आहात.

तरीही तुम्हाला हटवा असा अर्ज मी करणार नाही, कारण एक गोष्ट कबूल करायलाच हवी. तुमच्यातल्या कोणालाही आडनाव नाही. गाव नाही, मामा नाही, आमदारांची चिठ्ठी नाही. माझे वडील एसटीत कंडक्टर होते. त्यांच्या ओळखीने फार तर खिडकीची जागा मिळाली असती. तुमच्या टेबलाशी पोहोचायला ओळख लागत नाही, नुसतं वर्तुळ काढता आलं पाहिजे. लाखांनी अर्ज येतात तिथे कसली तरी चाळणी लागणार, आणि चिठ्ठीच्या चाळणीपेक्षा तुमची बरी. म्हणून विनंती एवढीच आहे, की एखाद्या सेटमध्ये टेबल थोडं बाजूला सारा आणि रांगेत उभे राहा. डीला ओटीपी येत नाही, ईची सही जुळत नाही, जी वारला आहे आणि नॉमिनी लावलेला नाही. मग विचारा प्रश्न. 34 सेकंदांत नाही सुटणार, हे मान्य. पण काही तरी करून बघू.

कळावे, लोभ असावा.

आपली,
प्रीलिम्स पास, मेन्स प्रतीक्षेत

ता. क. : काल जन्मसालांवरचा सेट सोडवला. त्यात तुमच्यातल्या एचचा जन्म 1954चा निघाला. बँकेत साठाव्या वर्षी निवृत्त करतात. तेव्हा एच अजून टेबलाशी कसे, याची कृपया चौकशी व्हावी, आणि ती खुर्ची रिकामी होत असेल तर कळवावे. डावीकडे कोण, उजवीकडे कोण, तोंड आत की बाहेर, मला काहीही चालेल.