चुलबंदीत सामन: एक नियोजन

मार्गदर्शकासह मासेमारीची सहल, म्हणजे जाणकार वाटाड्याला पैसे मोजून त्याने दाखवलेल्या डोहात गळ टाकण्याची परदेशी चाल, भंडारा जिल्ह्यातल्या सानगडीस रुजवायची झाल्यास प्रथम सामन, अर्थात समुद्रात वाढून अंडी घालण्यासाठी नदीत चढणारा थंड पाण्यातला मासा, निमंत्रित करावा लागेल. त्याचा मार्ग नकाशावर निर्दोष आहे: बंगालच्या उपसागरातून गोदावरी, मग प्राणहिता, वैनगंगा आणि शेवटी साकोली तालुक्यातली चुलबंद; मात्र वाटेत धवळेश्वरम, मेडिगड्डा व चिचडोह येथील बंधारे असल्याने आणि उन्हाळ्यात भंडाऱ्याचा पारा 45 अंशांकडे सरकत असल्याने पाहुणा पोहोचलाच तर शिजून पोहोचेल, ज्यायोगे स्वयंपाकाचा खर्च अंदाजपत्रकातून वगळता येईल.

वास्तविक मामा तलावांतले, म्हणजे 1950 च्या कायद्याने मालगुजारी संपल्यावर सरकारजमा झालेल्या माजी मालगुजारी तलावांतले, काही मासे पहिल्या पावसात ओहोळांतून चढून धानाच्या बांध्यांत, अर्थात बांध घातलेल्या भातखाचरांत, अंडी घालण्यास शिरतात, हे ढिवर समाजाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. परंतु या ज्ञानाला माहितीपत्रक, टोपी व प्रमाणपत्र नसल्याने ते सहलीच्या व्याख्येत बसत नाही; गुडघाभर चिखलात जाळे टाकणारा ढिवर मागास व्यवसायात मोडतो, तोच चिखल शुल्क भरून तुडवणारा पाहुणा निसर्गप्रेमी ठरतो, आणि या दोन वर्गांतील शास्त्रीय भेद केवळ पावतीपुरता असतो.