सोपी कोणती, भाऊ?

गोंदियात पोराला परदेशी धाडायचं ठरलं की पहिला सल्ला पानठेल्यावर मिळतो. खर्रा घोटता घोटता काकाजी विचारतात, "इंग्रजीची कोणती परीक्षा सोपी जाते, भाऊ?" आणि ज्याचा साळा कधीतरी ब्रॅम्प्टनला गेला, एवढीच ज्याची पात्रता, तो भाऊ ठोकून देतो, "पीटीई करा. कॉम्प्युटर तपासतो. माणसाची कटकट नाही." झालं. पासपोर्ट निघायचा आहे, कोर्स ठरायचा आहे, कॅनडा की ऑस्ट्रेलिया यावरून घरात दोन तट आहेत. पण परीक्षा मात्र पक्की.

याच काकाजींना धान विकायचं असलं तर बघा. ज्या आधारभूत केंद्रावर सातबारा नोंदवला तिथेच माल जाणार, ओलावा १७ टक्क्यांच्या वर निघाला तर पोतं परत येणार, हे त्यांना तोंडपाठ. कोणत्या केंद्रावरचं मीटर ढिलं आहे, एवढं विचारून ते ट्रॅक्टर भरत नाहीत. (बरं, विचारतात. पण केंद्र आपलं आहे का, हे आधी बघतात.) पोराच्या बाबतीत मात्र मीटर आधी, केंद्र मागून.

आता हे पीटीईच घ्या. भाऊने ज्या झोकात नाव घेतलं त्यावरून ती एकच परीक्षा असावी असं वाटतं. आहेत निदान तीन. पीटीई अकॅडमिक विद्यापीठांना आणि ऑस्ट्रेलियाच्या व्हिसाला चालते. पीटीई अकॅडमिक यूकेव्हीआय ब्रिटनच्या व्हिसासाठी. आणि पीटीई कोअर कॅनडात कायमचं राहायला जाणाऱ्यांसाठी. ती कॅनडा सरकारने जानेवारी २०२४च्या अखेरीस मान्य केली. आयल्ट्सची तीच तऱ्हा. शिकायला जायचं तर अकॅडमिक, कॅनडाची पीआर, म्हणजे कायम राहायची परवानगी, हवी तर जनरल. फी तीच, १७-१८ हजार. दारावर चुकीचा कागद दाखवला तर कॅनडावाला "चालतंय, बसा" म्हणत नाही. ते फक्त आपल्या तहसीलमध्ये, आणि तिथेही आता कमीच.

देवरीकडची एखादी नर्स घ्या. चार वर्षं बी.एस्सी. नर्सिंग इंग्रजीतून केलेलं. डोस इंग्रजीत लिहिते, रुग्णाशी हिंदीत आणि मोडक्यातोडक्या गोंडीत बोलते, डॉक्टरांच्या शिव्या मराठीत खाते. तिला ब्रिटनला जायचं आहे. क्लासवाले म्हणतात, "ताई, जनरल भरून टाका, सोपी पडते." का? तर त्यांच्याकडे जनरलची बॅच चालू आहे आणि तिच्यात दोन खुर्च्या रिकाम्या आहेत. आता ब्रिटनच्या नर्सिंग कौन्सिलला जनरलशी देणंघेणं नाही. तिला आयल्ट्स अकॅडमिक लागते: वाचणं, ऐकणं, बोलणं यांत ७, लेखनात ६.५. नाहीतर ओईटी, तीन भागांत बी आणि लेखनात सी प्लस.

ही ओईटी खास दवाखान्यातल्या माणसांची परीक्षा आहे. लेखनाला रुग्णाच्या नोंदी देतात आणि त्यावरून दुसऱ्या दवाखान्याला पत्र लिहायला सांगतात. बोलायला समोर घाबरलेला रुग्ण किंवा चिडलेला नातेवाईक असतो, म्हणजे समोर बसवलेला माणूस तसं सोंग घेतो. आमच्या ताईला चिडलेल्या नातेवाइकांचा सराव सरकारी खर्चाने झालेला आहे. पण फी ३० हजारांच्या वर आणि गावात बॅच नाही. मग सल्ला देणाऱ्याला ही परीक्षा आठवत नाही. आयल्ट्सच्या वाचनाच्या पेपरात काही प्रश्नांना तीन उत्तरांतून एक निवडायचं असतं: खरं, खोटं, की उताऱ्यात दिलेलंच नाही. क्लासच्या फ्लेक्सवर हा पेपर काढला तर सगळे टिक तिसऱ्या रकान्यात पडतील.

मग घरबसल्याच देऊ म्हणून ड्युओलिंगो. तासाभराची परीक्षा, फी सहा हजारांच्या आसपास, नागपूरची गाडी पकडायला नको. अमेरिकेतली बरीच विद्यापीठं घेतात. ब्रिटनच्या व्हिसाच्या यादीत ती नाही, कॅनडाच्या पीआरच्याही नाही, पण ते पुढचं. आधी तो तास निभवायचा. नियम असा की खोलीत दुसरं कुणी नको, कानात काही नको, नजर पडद्यावरून हलायला नको. सिव्हिल लाइन्समधल्या चार भावांच्या घरात एका माणसाला एक खोली तासभर मिळणं, हे आयल्ट्सच्या कोणत्याही बँडपेक्षा अवघड. मुलगा तोंडाने इंग्रजी बोलतोय, डोळे पडद्यावर खिळलेले, आणि दार ढकलून आजी आत येते, हातात पोह्यांची ताटली: "कवापासून एकटाच बडबडून राहिला रे, काही खाल्लं का?" परीक्षा बाद व्हायला एवढं पुरतं. लाइट गेली तर आजीही लागत नाही.

हा मुलगा घरी पोवारी बोलतो, शाळेत मराठी, बाजारात हिंदी, सालेकसाकडच्या पाहुण्यांशी छत्तीसगढी. चारही फुकट आल्या, त्यामुळे चारहींची किंमत शून्य. पाचवीसाठी कर्ज काढायचं.

आणि कॉम्प्युटर तपासतो म्हणून सोपी, या समजुतीचं काय करावं? २०१७ साली ऑस्ट्रेलियात एका आयरिश पशुवैद्य बाईंनी पीटीई दिली. मातृभाषा इंग्रजी, दोन पदव्या, कायम राहायला परवानगी हवी होती. बोलण्यात ७९ लागत होते, यंत्राने ७४ दिले. कंपनीचं म्हणणं असं की यंत्रात दोष नाही, सरकारने मागितलेले गुणच फार वरचे आहेत. म्हणजे जी बाई जन्मापासून तीच भाषा बोलते, तिचं तिच्याच भाषेत पाच गुणांनी हुकलं. सडक अर्जुनीच्या पोराने निदान "माझा उच्चार असा आहे" म्हणायला जागा आहे. तिने काय सांगायचं?

मुळात इंग्रजी लागतेच का, हे तरी बघावं. अमेरिकेच्या एच-१बी या नोकरीच्या व्हिसाला अशी परीक्षा मागत नाहीत. आपल्या राज्य सरकारने २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी करार केला, कुशल मनुष्यबळ पाठवायचा. तिथे लागते जर्मन. त्या करारातून जायला नाव घालून आयल्ट्सची बॅच लावणारेही निघतील. निघाले असतील.

आणखी एक खोडा, जो कुठल्याच बॅचमध्ये शिकवत नाहीत. आपल्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग मुलाचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा, आणि वडिलांचं नाव कधी मुलाच्या नावाला चिकटलेलं, कधी गायब. परीक्षेचा फॉर्म पासपोर्टप्रमाणे भरायचा असतो. आपण भरतो गुणपत्रिकेप्रमाणे, कारण ती लॅमिनेट केलेली असते आणि हाताशी असते. मग नागपूरच्या केंद्रावर दारातच इंग्रजी संपते.

राहता राहिली एक परीक्षा. ती आपल्या बिरसी विमानतळावरच्या मुलांच्या वाट्याला येते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनीच बांधलेल्या त्या धावपट्टीवर नॅशनल फ्लाइंग ट्रेनिंग इन्स्टिट्यूटची मुलं विमान चालवायला शिकतात, आणि त्यांनाही इंग्रजीचा दाखला लागतो. सहा पातळ्या, आंतरराष्ट्रीय उड्डाणाला किमान चौथी. तिथे सोपी-अवघड असला बाजार नाही, कारण हा नियम स्मशानातून आला आहे. १२ नोव्हेंबर १९९६ला हरियाणात चरखी दादरीवर सौदीचं जंबो आणि कझाकस्तानचं विमान आकाशात धडकलं, ३४९ माणसं गेली. कझाक विमान नेमून दिलेल्या उंचीच्या खाली उतरलं होतं, आणि चौकशीत त्या चालकांच्या कच्च्या इंग्रजीवर बोट ठेवलं गेलं. जगभरच्या वैमानिकांना ही परीक्षा लागू झाली ती २००८च्या मार्चपासून. या परीक्षेवर माझा राग नाही. खाली आपलंच घर आहे.

फक्त तिची मुदत तेवढी वाचा. चौथ्या पातळीवाल्याने तीन वर्षांनी पुन्हा यायचं, पाचव्याने सहा वर्षांनी, आणि सहावी मिळाली की आजन्म सुट्टी. आयल्ट्समध्ये नऊपैकी नऊ मिळवा, निकाल धरतात तो दोनच वर्षं. दीडशे माणसं घेऊन ढगातून उतरणाऱ्याचं इंग्रजी मरेपर्यंत टिकतं आणि टोरांटोच्या गोदामात खोकी रचणाऱ्याचं दोन वर्षांत उतरतं, यामागचं भाषाशास्त्र मला कळत नाही. हिशेब कळतो: १७-१८ हजार, दर माणशी, दर खेपेला.